आधी क्रँक धरा, मग बोल्टला हात लावा: जुन्या होंडा सिटीचा क्रँक पुली बोल्ट घरी सोडवताना

टायमिंग बेल्ट बदलायला घेतला की पहिले दोन तास काम झरझर होतं. चाक निघतं, पट्टे उतरतात, वरचं कव्हर निघतं. मग क्रँकच्या (इंजिनाच्या फिरणाऱ्या मुख्य शाफ्टच्या) टोकावरच्या पुलीच्या मधोमध बसलेला एक बोल्ट समोर येतो आणि सगळं तिथंच थांबतं. हा बोल्ट निघाल्याशिवाय पुली निघत नाही, पुली निघाल्याशिवाय खालचं कव्हर निघत नाही आणि कव्हर निघाल्याशिवाय बेल्टला हात लागत नाही. क्रँकचं पुढचं ऑइल सील गळत असेल तरी वाट याच बोल्टवरून जाते.

माझी गाडी २००१ सालची होंडा सिटी १.५. ही पहिली सिटी भारतात १९९८ साली आली आणि २००३ मध्ये तिची जागा नव्या सिटीनं घेतली. पहिल्या सिटीत डी मालिकेचं, टायमिंग बेल्टवर चालणारं इंजिन होतं. नंतरच्या सिटीत चेन आली. त्यामुळे हा बोल्ट घरी सोडवण्याची वेळ बहुतेक जुन्या सिटीवाल्यांवर येते. खाली सांगतोय ते या गाडीला धरून आहे. दुसरी गाडी असेल तर मापं आणि दिशा बदलतील, पण कामाचा क्रम तोच राहील.

हा बोल्ट सोडवण्यात माझे दोन रविवार गेले. पहिला पूर्ण वाया गेला, कारण मी सगळं लक्ष ताकदीवर दिलं होतं. लांब पाइप आणला आणि पुतण्याला ब्रेकवर बसवलं. पण खरा प्रश्न क्रँक जागेवर धरून ठेवण्याचा होता. दुसऱ्या रविवारी ती पकड नीट मिळाली आणि बोल्ट एका दाबात सुटला.

हा इतका घट्ट का असतो?

या एका बोल्टवर पुली आणि तिच्यामागचं टायमिंग बेल्टचं दातेरी चाक क्रँकच्या टोकाला आवळलेलं असतं. त्या काळच्या सिव्हिकमधल्या १.६ लिटरच्या डी मालिकेच्या इंजिनाला या बोल्टचा टॉर्क, म्हणजे पिळण्याचा जोर, १८१ न्यूटन-मीटर दिलेला आहे. अकॉर्डच्या २.३ लिटर इंजिनाला तो २४५ आहे. १४ मिमी जाडीच्या बोल्टवर १८१ चा टॉर्क दिला की तो पुलीला अंदाजे सहा-साडेसहा टनांच्या जोरानं दाबून धरतो. त्यावर वीस वर्षांची उष्णता, पावसाळ्यातला चिखल आणि वॉशरखाली धरलेला गंज. त्यामुळे सोडवताना लागणारा जोर आवळतानाच्या जोरापेक्षा कितीतरी जास्त होतो. चारशे न्यूटन-मीटर लागले तरी नवल नाही, कधी त्याहूनही जास्त लागतात.

आता दांड्याचा हिशोब करू. चारशे न्यूटन-मीटरसाठी ४५ सेंमीच्या नेहमीच्या दांड्याच्या टोकावर साधारण ९० किलोचा जोर लागतो. तोच दांडा पाइप घालून दीड मीटरचा केला तर २७ किलोत काम होतं. म्हणजे जोर कुणालाही लावता येतो. पण तेच चारशे न्यूटन-मीटर क्रँकलाही फिरवायला बघतात आणि त्यांना कुठेतरी अडवावं लागतं. सगळी मेख तिथं आहे.

पाना लावण्याआधी तीन गोष्टी नक्की करा

आटे कोणत्या दिशेचे आहेत? सिटीत ते नेहमीचे आहेत, म्हणजे घड्याळाच्या उलट दिशेनं फिरवलं की सुटतात. काही इंजिनांत मात्र क्रँकच्या बोल्टला उलटे आटे असतात. तिथं सवयीनं जोर लावलात तर बोल्ट आणखी आवळत जाईल आणि शेवटी तुटेल. आपल्या इंजिनाच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये ही एक ओळ शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका.

इंजिन कोणत्या दिशेनं फिरतं? बहुतेक गाड्यांची इंजिनं पुलीच्या बाजूनं पाहिलं तर घड्याळाच्या दिशेनं फिरतात. होंडाची बी, डी, एफ, एच या मालिकांतली जुनी इंजिनं उलटी फिरतात. ओळखायची सोपी खूण म्हणजे होंडात पुली गाडीच्या डाव्या बाजूला, आपल्याकडच्या क्लीनर बाजूला असेल, तर इंजिन उलटं फिरणारं. उजव्या बाजूला असेल तर सुलटं.

हे माहीत असणं का गरजेचं, ते सांगतो. बरेच मिस्त्री दांडा जमिनीला टेकवतात आणि अर्धी चावी मारून स्टार्टरच्या झटक्यानं बोल्ट सोडवतात. सुलट्या फिरणाऱ्या इंजिनात त्या झटक्यानं बोल्ट सुटतो. आपल्या सिटीत इंजिन उलटं फिरत असल्यामुळे तोच झटका बोल्ट आणखी आवळेल. सुलट्या इंजिनातही मी हा मार्ग घरी वापरू नये असंच म्हणेन. दांडा घसरला तर कुठे जाऊन आदळेल याचा नेम नसतो. बोल्ट सुटायच्या क्षणी इंजिन चालू झालं तर दांडा गरगरा फिरतो, आणि त्या वेळी जवळ कुणीही असू शकतं.

तिसरी गोष्ट म्हणजे पकड कुठे घ्यायची. पुलीच्या तोंडाकडे बॅटरी मारून बघा. होंडाच्या पुलीत बोल्टच्या भोवती मोठा षटकोनी खळगा दिसतो. समोरासमोरच्या दोन बाजूंमधलं अंतर ५० मिमी. क्रँक धरायला कंपनीनं केलेली जागा हीच. त्यात षटकोनी तोंडाचा होल्डर बसतो आणि होल्डरला मधून मोकळं भोक असतं, त्यातून गोटी (सॉकेट) बोल्टपर्यंत जाते.

पकडीचे मार्ग, आणि त्यांतले कोणते नकोत

पहिल्या रविवारी मी पाचवा गिअर टाकला, पुतण्याला ब्रेक दाबून बसवलं आणि पाइपवर जोर दिला. पाइप खाली गेला. मला वाटलं सुटला. प्रत्यक्षात अख्खं इंजिन हळूहळू फिरत होतं. पुतण्या आतून ओरडला, "काका, ब्रेक पूर्ण दाबलाय!" ब्रेक दाबलेलाच होता. घसरत होती ती क्लच प्लेट.

हा दोष त्या दिवसाचा नव्हता, मुळातला आहे. दीड लिटरच्या इंजिनाचा टॉर्क सव्वाशे-दीडशे न्यूटन-मीटर असतो आणि क्लच त्यावर थोडी मोकळीक ठेवून बनवलेला असतो. क्रँकवर चारशेचा जोर आला की क्लच घसरणारच, मग गिअर कोणताही असो. बोल्ट मध्यम घट्ट असेल तर या मार्गानं सुटतोही, त्यामुळे एकदा प्रयत्न करायला हरकत नाही. गिअर पाचवाच टाका, म्हणजे ब्रेकवर कमी भार येतो. चाक काढलेल्या बाजूला डिस्कवर चाकाचे नट परत आवळून ठेवा, नाहीतर डिस्क फक्त दोन छोट्या स्क्रूंवर राहते. इंजिन फिरताना दिसलं की लगेच थांबा.

फ्लायव्हीलच्या दातांत स्क्रू ड्रायव्हर अडकवायचा मोह होतो. स्टार्टर काढून तिथं बसणारं खास लॉकिंग टूल असेल तर जरूर वापरा. स्क्रू ड्रायव्हर नको, तो अख्खा जोर एक-दोन दातांवर आणि गिअरबॉक्सच्या अ‍ॅल्युमिनियमच्या खोक्यावर टाकतो. दात तुटला किंवा खोका चिरला तर गिअरबॉक्स उतरवावा लागेल.

पुलीच्या बाहेरच्या कडेला चेन पाना किंवा पट्ट्याचा पाना लावू नका. पुली एकसंध लोखंडाची नसते. आतला भाग आणि बाहेरची कडी यांच्यामध्ये रबराचा थर असतो आणि तो क्रँकची थरथर शोषतो. कडी धरून आतला बोल्ट पिळलात तर तो रबर फाटतो. ते तेव्हा दिसतही नाही. काही महिन्यांनी पुली डगमगायला लागते.

प्लगच्या भोकातून सिलिंडरमध्ये दोरी भरून पिस्टन अडवण्याची युक्तीही चालते. यात त्या सिलिंडरचे सगळे व्हॉल्व्ह बंद असलेल्या स्ट्रोकवरच ते करावं लागतं, सगळा जोर पिस्टन आणि कनेक्टिंग रॉडवर येतो आणि दोरीचा धागा आत राहण्याची भीती असते. मी तिच्या वाटेला गेलो नाही.

आणि टायमिंग बेल्टच्या भरवशावर क्रँक कधीही धरू नका. कॅमशाफ्टचं चाक अडवून खालचा बोल्ट सोडवायला गेलात तर बेल्टचे दात सुटतात, टायमिंग सरकतं, आणि व्हॉल्व्ह पिस्टनला लागले तर खर्च कुठल्या कुठे जातो.

शेवटी उरतो तो ५० मिमीचा होल्डर.

होल्डर कसा करून घ्यायचा

हा होल्डर तयार विकत मिळतो. मी मात्र कोल्हापूरला राहतो आणि इथं शिवाजी उद्यमनगर हाकेच्या अंतरावर आहे. फाउंड्री, लेथ, वेल्डिंग सगळं एका गल्लीत. त्यामुळे करून घ्यायचं ठरवलं. तुमच्या गावातही एखादा लेथवाला असेल.

कल्पना साधी आहे. एम ३३ मापाच्या नटाच्या बाहेरच्या बाजूंमधलं अंतर नेमकं ५० मिमी असतं आणि आतलं भोक २९ मिमीच्या आसपास. सतराची किंवा एकोणीसची गोटी त्यातून जाते. पण विकत घेण्याआधी आपली गोटी सोबत नेऊन नटातून आरपार घालून बघा. जाड कवचाची इम्पॅक्ट गोटी अडकली तर भोक आतून एक-दोन मिमी मोठं करून घ्यायचं.

मी नट घेऊन लेथवर गेलो आणि सरळ पट्टीला वेल्डिंग करून द्या म्हणालो. तिथल्या जुन्या मिस्त्रींनी नट हातात घेतला, त्याच्या तोंडावरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "खळगा खोल किती आहे?" मी म्हणालो, फार नाही, सेंटिमीटरभर असेल. ते म्हणाले, "मग हे कोपरे आत बसायचेच नाहीत. नटाचं तोंड गोल मारलेलं असतं." आणि खरंच तसं होतं. बाजारातल्या नटाच्या दोन्ही तोंडांचे कोपरे उतरते असतात. खळगा उथळ असेल तर पकड नेमकी त्या उतरत्या भागावर येते आणि होल्डर जोरात निसटतो. त्यांनी लेथवर तोंडाची तेवढी जाडी छाटली. सहाही कोपरे थेट कडेपर्यंत धारदार झाले. मग कानशीनं कडेचा बारीक बूर काढला, नट पुलीत घातला तर हलवूनही हलेना. हे छाटणं राहिलं असतं तर दुसरा रविवारही वाया गेला असता.

नट १० मिमी जाडीच्या आणि ५० मिमी रुंदीच्या लोखंडी पट्टीला वेल्ड करून घ्या. पट्टीला नटाच्या भोकाएवढं भोक आधी पाडून घ्यायचं. लांबी ७० ते ८० सेंमी. वेल्डिंग दोन्ही बाजूंनी पूर्ण फिरवून हवं, टाके मारून भागणार नाही. वेल्डिंग आतल्या भोकात उतरलं असेल तर गोटी अडकते, तेवढं घासून घ्या.

बाकीची हत्यारं

गोटी सहा कोनांची हवी. माझ्या गाडीच्या बोल्टला सतराची बसते. पुष्कळ होंडांत एकोणीसची लागते. बारा कोनांची गोटी बोल्टला फक्त टोकांवर धरते आणि एवढ्या जोराला बोल्टचं डोकं गोल करते. पहिल्या रविवारी माझी बारा कोनांची चकचकीत गोटी उभी चिरली, तेव्हा काळी जाड इम्पॅक्ट गोटी आणली.

अर्धा इंची ब्रेकर बार, म्हणजे गोटी फिरवायचा साधा लांब दांडा, आणि त्यावर बसणारा मीटर-दीड मीटरचा जाड पाइप घ्या. रॅचेट वापरू नका, आतले दाते जातील. एक्स्टेन्शन लागेलच, कारण दांडा गाडीच्या पत्र्याबाहेर आणावा लागतो. ते गरजेपेक्षा लांब ठेवू नका. लांब एक्स्टेन्शन स्प्रिंगसारखं पिळलं जातं आणि सुटताना तो पीळ अंगावर येतो. पाऊण इंची सेट मिळाला तर फारच उत्तम. पंक्चरवाले किंवा ट्रकवाले देतात, मागायला संकोच करू नका.

याशिवाय दोन घोड्या (उचललेली गाडी टेकवायचे स्टँड), जॅक, लाकडाचे ठोकळे, तारेचा ब्रश, हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा. टॉर्क पाना नंतर लागेल.

गाडी उभी करणं

सपाट जागा. हँडब्रेक, पहिला गिअर आणि मागच्या दोन्ही चाकांखाली पुढून-मागून दगड. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. इंजिन थंड हवं.

डाव्या पुढच्या चाकाचे नट जमिनीवरच सैल करा, मग गाडी उचला आणि मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागी घोडी लावा. आपल्याकडे पार्किंगला बऱ्याचदा शहाबादी फरशी असते. घोडीचे पाय तिच्यावर टेकवले तर फरशी तडकते किंवा पाय सरकतात, म्हणून खाली जाड प्लायवूड घाला. काढलेलं चाक गाडीखाली आडवं सरकवून ठेवा. घोडी निसटलीच तर गाडी त्याच्यावर येईल. या कामात गाडीला बाजूनं जोर मिळतो, नुसत्या जॅकवर हे काम कधीच करायचं नाही. सगळं झालं की गाडी दोन्ही हातांनी जोरात हलवून बघा. आत्ता हलली तर बरं, नंतर नको.

चाकाच्या कमानीतलं प्लास्टिकचं कव्हर काढा, अल्टरनेटर, एसी आणि पॉवर स्टीअरिंगचे पट्टे सैल करून उतरवा.

बेल्टसाठी पुढे डाव्या बाजूचं इंजिन माउंटिंग काढावं लागतं. ते आत्ता काढू नका. इंजिन आपल्या सगळ्या माउंटिंगांवर घट्ट बसलेलं असतानाच हा बोल्ट सोडवून घ्या. एकदा हलका झाला की हातानं परत थोडा आवळून ठेवा आणि मग पुढची खोलाखोल करा. टायमिंगच्या खुणाही त्यानंतरच जुळवा, कारण बोल्ट सोडवताना क्रँक थोडाफार हलतोच.

तेल, हातोडा, आग

आदल्या रात्री बोल्टच्या डोक्याभोवती गंज सोडवणारा स्प्रे मारा. यातून फार अपेक्षा ठेवू नका. आटे क्रँकच्या आत आहेत आणि समोरून वॉशरनं झाकलेले, तिथपर्यंत तेल जेमतेम पोचतं. पण वॉशरखालचा गंज थोडा मऊ होतो. फवारा बोल्टपुरताच ठेवा, पुलीच्या रबरावर आणि कव्हरमधून बेल्टवर जाऊ देऊ नका.

सकाळी तारेच्या ब्रशनं बोल्टचं डोकं आणि षटकोनी खळगा चकचकीत होईपर्यंत घासा. खळग्याच्या कोपऱ्यात वाळलेला चिखल राहिला तर होल्डर पूर्ण आत बसत नाही. मग पितळी किंवा मऊ लोखंडाचा तुकडा बोल्टच्या डोक्यावर सरळ धरून पाच-सहा मध्यम ठोके. गंजाची पकड थोडी ढिली होते. घणाचे घाव नकोत, तो धक्का क्रँकच्या बेअरिंगला बसतो.

गॅसची ज्योत मी टाळतो. बोल्टच्या मागं ऑइल सील आहे, शेजारी रबर आहे, बाजूला बेल्ट आहे आणि सगळीकडे आत्ताच मारलेला, पेट घेणारा स्प्रे आहे.

दोन दांडे कात्रीसारखे

डाव्या चाकाच्या जागी पुलीकडे तोंड करून बसा. गाडीचं नाक तुमच्या डाव्या हाताला येईल. बोल्ट सोडवताना तुम्ही घड्याळाच्या उलट जोर लावणार, म्हणजे क्रँकही त्याच दिशेला फिरायला बघणार. होल्डरचा दांडा गाडीच्या नाकाकडे, डावीकडे ठेवलात तर त्याचं टोक खाली जाऊ बघेल. तेच हवं आहे. होल्डर खळग्यात पूर्ण बसवा, दांडा तिरका पुढे-खाली सोडा आणि टोकाखाली लाकडाचा भक्कम ठोकळा जमिनीवर ठेवा. दांडा आणि ठोकळा यांच्यात फट राहू देऊ नका.

आता गोटी होल्डरच्या भोकातून बोल्टवर बसवा, एक्स्टेन्शन लावा आणि त्याचं बाहेरचं टोक दुसऱ्या घोडीवर किंवा ठोकळ्यावर टेकवा. हा आधार फार महत्त्वाचा. तो नसेल तर पाइपवर दिलेला अर्धा जोर एक्स्टेन्शन खाली वाकवण्यात जातो, गोटी तिरपी होते आणि बोल्टचे कोपरे खाते. आधाराची उंची अशी हवी की एक्स्टेन्शन बोल्टच्या अगदी सरळ रेषेत राहील. बाजूनं आणि वरून, दोन्हीकडून डोळा लावून बघा.

ब्रेकर बारसुद्धा डावीकडेच ठेवा, होल्डरच्या दांड्याच्या वर, जमिनीला समांतर किंवा थोडा चढता. आता दोन्ही दांडे उघड्या कात्रीसारखे दिसतील. खालचं पातं ठोकळ्यावर टेकलेलं, वरचं तुम्ही खाली दाबणार. असं केल्यानं तुमचा खाली दिलेला जोर आणि जमिनीनं होल्डरला वर दिलेला जोर एकमेकांना बरेचसे काटतात. घोडीवरच्या गाडीला उचल किंवा हेलकावा जवळपास बसत नाही. ब्रेकर बार उजवीकडे ठेवून वर ओढलात तर दोन्ही जोर गाडीला वरच उचलतात.

उभे राहा, पाय फाकवून. तळवे उघडे ठेवून पाइपच्या टोकावर दाबा. बोटं पाइपभोवती गुंडाळू नका, सुटल्यावर पाइप जमिनीवर आपटतो तेव्हा ती चिरडतात. पाइपवर उभं राहू नका, उड्या मारू नका. कुणी गाडीखाली किंवा दांड्यांच्या रेषेत नाही ना, हे बघा.

एकदम झटका देऊ नका, वजन हळूहळू टाकत जा. आधी एक्स्टेन्शन पिळलं जाताना जाणवेल, ठोकळा किंचित करकरेल. तिथं क्षणभर थांबा आणि सगळीकडे नजर फिरवा. गोटी सरळ आहे? होल्डर खळग्यातून बाहेर सरकत नाही ना? असेल तर जोर काढा आणि परत बसवा. ठीक असेल तर आणखी वजन द्या.

सुटताना मोठा आवाज होतो. माझ्या वेळी असा कडाका झाला की शेजारच्या मावशी गॅलरीत आल्या. मलाही क्षणभर गोटी तुटली असं वाटलं. मग पाइप उचलला, परत दाबला, आणि तो लोण्यासारखा फिरला.

तरीही नाही सुटला तर

पाइप लांबवण्याआधी इम्पॅक्ट गन बघा. घरगुती बॅटरीची छोटी गन इथं बऱ्याचदा कमी पडते. हायवेवरच्या ट्रकच्या पंक्चरवाल्याकडची हवेवरची मोठी गन काम करते. तो कधी घरीही येतो. गन वापरताना एक्स्टेन्शन अगदी आखूड ठेवा, लांब एक्स्टेन्शन प्रत्येक ठोका आपल्यातच जिरवतं. या कामासाठी मुद्दाम जड, जाड कड्याच्या गोट्या मिळतात. त्यांच्या वजनामुळे गनचा ठोका बोल्टपर्यंत पूर्ण पोचतो. होल्डर गनच्या वेळीही लावून ठेवा.

बोल्टच्या डोक्याचे कोपरे झडायला लागले तर त्याच क्षणी थांबा. अजून थोडे कोपरे शिल्लक आहेत तोवर थोड्या लहान मापाची सहा कोनी गोटी ठोकून बसवता येते. पूर्ण गोल झाल्यावर डोक्यावर नवा नट वेल्ड करावा लागतो आणि ते काम घरी करू नका. बोल्ट आत तुटला तर चांगल्या मशीन शॉपवाल्यालाच दाखवा.

बोल्ट निघाल्यावर

पुली बहुधा हातानं डावी-उजवी हलवत बाहेर येते. अडली तर मधल्या भागाला धरणारा पुलर लावा, बाहेरच्या कडीला नको, तिथलं रबर आधीच सांगितलं आहे. क्रँकच्या खाचेतली छोटी लोखंडी चावी, म्हणजे पुलीला क्रँकवर घसरू न देणारा तुकडा, पडून हरवू देऊ नका. चावी आणि खाच दोन्ही बघा. कडा ठेचलेल्या असतील तर पुली आधीपासून सैल चालत होती असं समजा. पुलीतलं रबर बाहेर फुगलंय का, भेगाळलंय का तेही बघून घ्या. इथवर आलाच आहात तर ऑइल सील बदला. ते स्वस्त आहे, आणि पुन्हा इथं यायला सगळी मेहनत परत करावी लागेल.

परत बसवताना

बोल्ट, वॉशर आणि पुलीची बैठक स्वच्छ पुसा. आट्यांना तेल लावायचं का, आणि कुठे, याबद्दल मॅन्युअल सांगेल तसंच करा. टॉर्कचा आकडा तेवढ्या तेलाला धरून दिलेला असतो. कोरड्या आट्यांचा आकडा तेलकट आट्यांना लावलात तर बोल्ट गरजेपेक्षा जास्त ताणला जातो.

आकड्याच्या एककाकडे नीट बघा. होंडात इथं एक सापळा आहे. सिव्हिकच्या १.६ चा आकडा १८१ न्यूटन-मीटर, आणि अकॉर्डच्या २.३ चा १८१ फूट-पाउंड, म्हणजे २४५ न्यूटन-मीटर. नुसता १८१ कुठेतरी वाचला आणि आवळला तर बोल्ट एक तर सैल राहील नाहीतर अति ताणला जाईल. जुन्या पुस्तकांत हाच आकडा किलोग्रॅम-मीटरमध्येही असतो, त्याला ९.८ नं गुणलं की न्यूटन-मीटर मिळतात. काही नव्या इंजिनांत थोडा टॉर्क देऊन मग ठरावीक अंशांनी फिरवायला सांगितलेलं असतं, तिथं ती पद्धतच पाळा. आणि तुमचा टॉर्क पाना त्या आकड्यापर्यंत जातो का तेही बघा. अर्धा इंची बरेच पाने २१० ला संपतात.

आवळताना होल्डरचा दांडा दुसऱ्या बाजूला, गाडीच्या शेपटीकडे टेकवा, कारण आता क्रँक घड्याळाच्या दिशेनं फिरू बघेल. एक्स्टेन्शनचं बाहेरचं टोक पुन्हा आधारावर ठेवा. गननं हा बोल्ट आवळू नका. किती आवळला हे कुणालाच कळत नाही, आणि पुढच्या वेळी सोडवणारे बहुतेक तुम्हीच असाल.

टॉर्क दिल्यावर बोल्टच्या डोक्यावरून पुलीवर पांढऱ्या रंगाची एक बारीक रेघ मारा. प्लग काढून क्रँक हातानं दोन पूर्ण फेरे फिरवा, या इंजिनात घड्याळाच्या उलट दिशेनं, आणि टायमिंगच्या खुणा परत जुळतात का बघा. क्रँक या दिशेला फिरवताना जोर सोडवण्याच्या बाजूनं पडतो, म्हणून पांढरी रेघ तुटली नाही ना तेही पाहून घ्या. मग पट्टे, प्लास्टिकचं कव्हर, चाक. पहिले शंभर-दोनशे किलोमीटर झाले की एकदा चाक वळवून बॅटरीच्या उजेडात ती रेघ बघा.